कणकण अंगावर काढू नका



आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. बैठकीत आपण ते मोठ्याने म्हणतो आणि लगेच वसुलीकडे वळतो. मी पण तेच करत आले. म्हणून या महिन्याचा धडा एका चुकीपासून सुरू करते. चूक माझीच आहे.

मागच्या कापूस वेचणीत एका गटातल्या ताई ओळीने तीन बैठकांना उशिरा आल्या. विचारलं की म्हणायच्या, “काही नाही हो मॅडम, दिवस कलला की अंगात कणकण वाटते.” त्यांचा हप्ता पण थकला होता. कोणीतरी हळूच म्हणालं, “हप्त्याचा ताप आलाय तिला.” सगळ्या हसल्या. मी पण हसले. वर त्यांना सांगितलं, “टेन्शन घेऊ नका ताई, वेळेवर जेवा, झोपा.” समाजकार्य शिकून आलेली मी, पण एक साधा प्रश्न विचारला नाही : किती दिवसांपासून?

तो प्रश्न गावातल्या आशाताईंनी विचारला, तीन आठवड्यांनंतर. उत्तर होतं, दीड महिना. वजन उतरलं होतं, रात्री घामाने चोळी भिजत होती, बारीक खोकला होता. थुंकी तपासली, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेऊन ताई आता बऱ्या आहेत. पण ते तीन आठवडे माझ्या मनातून जात नाहीत.

कणकण म्हणजे काय?

कोणी कणकण म्हणतं, कोणी कसकस, कोणी म्हणतं अंगात कसर आहे. हात लावला तर अंग फार तापलेलं नसतं, पण हाडं दुखतात, तोंडाला चव नसते, पांघरूण घेऊन पडावंसं वाटतं. आपल्या भाषेत ताप हा शब्द अंगालाही आहे आणि मनालाही. डोक्याला ताप, मनस्ताप, संताप, हे सगळं आपण रोज बोलतो. म्हणूनच गोंधळ होतो. अंगातला ताप मनावर ढकलला जातो आणि मनातल्या तापासाठी इंजेक्शन घेतलं जातं.

शरीरात जंतू शिरला की मेंदू शरीराचं तापमान मुद्दाम वाढवतो, कारण गरम शरीरात जंतूंशी लढणं सोपं जातं. मेंदूने ठरवलेल्या आकड्यापर्यंत शरीर पोचलेलं नसतं, तोवर आपल्याला थंडी वाजते, अंग थरथरतं. ताप चढतानाची हुडहुडी ती हीच. ताप उतरताना घाम येतो.

मनाचं वेगळं असतं. भीती किंवा काळजी वाटली की शरीर पळायच्या तयारीत येतं. छाती धडधडते, कानशिलं गरम होतात, तळहात घामेजतात. वाघ समोर असेल तर दोन मिनिटांत सगळं संपतं. पण कर्जाची, लेकीच्या लग्नाची, नवऱ्याच्या दारूची काळजी दोन मिनिटांत संपत नाही. मग झोप उडते, अंग ठणकतं, भाजल्यासारखं वाटतं. फार दिवस ताण राहिला तर काही जणींचं तापमान थोडं वाढतंही. म्हणजे हे ढोंग नाही. त्रास खराच असतो.

आधी मोजा

कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. चुलीपुढून उठलेल्या बाईचा हात आधीच गरम असतो. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या.

१. उन्हातून, चुलीपासून किंवा गरम चहा पिऊन आल्यावर अर्धा तास थांबा.
२. काखेतला घाम पुसा. टोक काखेत मधोमध ठेवून हात अंगाशी दाबून धरा. आवाज येईपर्यंत काढू नका.
३. तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

निरोगी माणसाचं तापमान ९८.६ अंशांच्या आसपास असतं. संध्याकाळी आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत ते थोडं जास्त असतं, त्याला घाबरू नका. १००.४ किंवा वर गेलं तर ताप आहे. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून काखेत ९९.५ च्या वर रोज दिसत असेल तरी दवाखान्यात दाखवा.

आकडा वाढला तर

पाणी, ताक, पेज भरपूर घ्या. अंगावर गोधड्यांचा ढीग नको. साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने अंग पुसा. तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. दुकानातून दुसरी दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका, कारण ताप डेंग्यूचा असेल तर अशा काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. थंडी वाजून ताप आला तर मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे.

या वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठा :

• गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला ताप
• तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप
• ताप १०३ च्या वर, किंवा झटके, बरळणं, मान ताठ होणं
• दम लागणं, सारख्या उलट्या, अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त

गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आणि आमच्या ताईंसारखं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप किंवा खोकला असेल, भूक गेली असेल, वजन उतरत असेल, तर टीबीची तपासणी करायचीच. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून सकस आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

त्या ताईंना आजारापेक्षा भीती जास्त होती की घरात आपलं ताट वेगळं करतील. टीबी खोकल्यातून हवेत पसरतो, ताटवाटीतून नाही. तोंडावर पदर किंवा रुमाल धरायचा, खिडकी उघडी ठेवायची, घरच्यांनीही तपासून घ्यायचं. ताट वेगळं करायची गरज नाही.

आकडा वाढला नाही तर

दुसऱ्या गावातल्या एका ताई म्हणायच्या, रात्री अंगाची आग होते. त्यांनी तीन इंजेक्शनं आणि दोन सलाईन घेतले. पैसे गेले, आग तशीच. या वेळी मी शहाणी झाले होते. आठ दिवस तापमान लिहून ठेवायला सांगितलं. एकदाही ९९ च्या वर गेलं नाही.

मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बाईचं ते १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, गरोदरपणी ११ च्या खाली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पण परत येताना रस्त्यात ताई गप्प होत्या. मी पण गप्प राहिले. बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, “बाहेरच्या फायनान्सचं कर्ज आहे गं. गटात कोणाला माहीत नाही. गुरुवारी माणूस येतो, तर बुधवारची रात्र जागूनच काढते.”

त्यांची परवानगी घेऊन हा विषय गटात ठेवला. अध्यक्षताईंनी कोणाला बोलू दिलं नाही, आधी ऐकून घेतलं. गटातून कमी व्याजाने कर्ज दिलं, बाहेरचं अर्धं फिटलं. ताईंची झोप पूर्ण परत आली असं मी म्हणणार नाही. पण बुधवारी आता त्या शेजारणीकडे झोपायला जातात.

आकडा वाढला नाही याचा अर्थ काही झालं नाही असा नाही. रक्त कमी असू शकतं, थायरॉईड असू शकतं. पंचेचाळिशीच्या पुढे पाळी जाण्याच्या काळात एकदम चेहरा तापतो, घाम सुटतो. हे सगळं डॉक्टरांना विचारा. आणि त्याबरोबर मनाचंही विचारा. मन मोकळं करायला कोणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फोन मोफत आहे, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर त्या बाईला एकटीला सोडू नका.

गटाने काय करायचं?

• गटात एक थर्मामीटर घ्या आणि तो कोणाच्या घरी आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या.
• कोणी कणकण म्हणाली की तीन प्रश्न विचारा : किती दिवसांपासून? मोजलं का? झोप लागते का?
• आजारी ताईचा हप्ता थकला तर दंडाच्या आधी तिच्या घरी दोघींनी जाऊन या. ग्रामसंघातल्या जोखीम प्रवणता निधीची माहिती द्या.
• तिने सांगितलेलं गटाबाहेर जाऊ देऊ नका.

बैठकीत चर्चा करा

१. मागच्या वर्षात तुम्ही कोणता आजार अंगावर काढला? का काढला?
२. घरात कोणाला ताप आला की आधी दवाखान्यात नेतात? तुमचा नंबर कितवा?
३. आपल्या गटात कोणाच्या दुखण्यावर आपण हसलो आहोत का?

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर मी वर लिहिलं आहे. तुमचं बैठकीत ऐकायला येते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक