घाटात पडलात तर ‘काही नाही झालं’ म्हणू नका

भातं झोडून झाली, दिवाळीचा फराळ पोटावर दिसू लागला, की आपल्याकडे सायकलींचा हंगाम सुरू होतो. दापोलीच्या सायकल क्लबने कोकणाला सायक्लोथॉनची चटक लावली आणि आता रत्नागिरी, चिपळूण, खेडमध्येही पहाटे रंगीत जर्सीतले जथे दिसतात. सागरी रस्त्याची सवय झाली की नजर पूर्वेकडे वळते. साखरप्यापासून आंबा घाट, देवरुखहून मारळमार्गे मार्लेश्वर, खेडच्या बाजूला रघुवीर घाट. त्यात जाड टायरची माउंटन बाइक हाती आली की डांबर सोडून रानातली वाट धरावीशी वाटते. या सदरासाठी आलेले बरेच प्रश्न यंदा अशाच सामूहिक डोंगरफेरीबद्दलचे आहेत, म्हणून आजचा सगळा मजकूर त्यावरच.

आधी एक तक्रार. फिटनेस सर्टिफिकेटचा कागद घेऊन लोक फेरीच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात येतात. “फक्त सही हवी, डॉक्टर.” त्या सहीने कुणाचं हृदय बळकट होत नाही. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, सिगारेट चालू असेल, घरात कुणाला कमी वयात हार्टअटॅक आला असेल, तर निदान महिनाभर आधी या. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे घाट चढायला मोकळीक मिळाली, असं समजू नका. चढावर हृदयावर पडणारा ताण त्या कागदावर उमटत नाही. गरज असेल तर आम्ही स्ट्रेस टेस्ट सांगतो. चढताना छातीत आवळल्यासारखं झालं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, पोटाच्या वरच्या भागात जळजळून घाम फुटला, तर सोडा पिऊन पुढे जाऊ नका. उतरा, बसा आणि सोबत्याला सांगा. गेल्या आठवड्यात ताप येऊन गेला असेल तर ही फेरी सोडा. तापाच्या विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेततो.

मधुमेहींनी पहाटेच्या डोसाबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर चढावर झपाट्याने उतरते, कधी फेरी संपल्यावर त्याच रात्री झोपेत उतरते. खिशात शेंगदाण्याची चिक्की असते, पण तेलबियांमुळे तिची साखर रक्तात सावकाश चढते. हात थरथरू लागल्यावर उपयोगी पडते ती ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर, तीन चमचे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांच्या घड्याळात नाडी वाढलेली दिसत नाही, म्हणून त्यांनी त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

थंडीचे दिवस आहेत, उन्हाचं काय घेऊन बसलात, असं पुण्याचा सायकलस्वार म्हणेल. रत्नागिरीकर म्हणणार नाही. इथे डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पारा ३३-३५ अंशांवर जातो आणि हवेत दमटपणा असतो. घाम गळतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पायथ्याची झाडी दाट असली की वाराही लागत नाही. तहान लागेल तसं प्या. दर दहा मिनिटांना बाटली तोंडाला लावायची, हा नियम मला पसंत नाही. नुसतं पाणी पोटात ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं, माणूस गोंधळतो आणि भोवतालची मंडळी त्याला आणखी पाणी पाजतात. फेरीआधी आणि नंतर वजन करून पाहा. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, हे प्रमाण ठेवा. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट घोळून पिणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस हे नाव छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते बरंच झालं. घरचं कोकम सरबत मीठ घालून नेलंत तरी माझी हरकत नाही. मात्र कुणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला आणि अंग चटका बसेल इतकं तापलं असेल तर तो उष्माघात. कपडे सैल करा, सावलीत अंगावर पाणी ओता, वारा घाला. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, थंड करणं आधी आणि नेणं नंतर. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा. सगळेजण महिनाभर चढाची तयारी करतात. दुखापती होतात त्या उतारावर. चढताना माणूस दमतो आणि आपोआप थांबतो. उतरताना हात आणि मेंदू दोन्ही थकलेले असतात, पुढचा गट दिसेनासा झालेला असतो आणि मागे राहिल्याची लाज वाटत असते. जांभ्याच्या वाटेवर बारीक खडीचा थर असतो, त्यावर पातेरा पडलेला. खाली खड्डा आहे की मूळ, ते कळत नाही. जुन्या पाखाड्या तर आणखी वाईट. सावलीतल्या चिऱ्यावर शेवाळ शिल्लक असतं आणि पुढचा ब्रेक एकदम दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. सीट खाली करा, पेडलवर उभे राहून अंग मागे न्या, दोन्ही ब्रेक हलक्या हाताने सोडत-धरत या. पाखाडी आली की सायकल खांद्यावर. यात कमीपणा काही नाही, आपली आजी याच पाखाडीवरून डोक्यावर भारा घेऊन जपून उतरायची.

पडल्यावर आपल्या माणसाच्या तोंडातून पहिला शब्द निघतो, “काही नाही झालं.” कपडे झटकतो, हसतो आणि निघतो. सोबत मंडळी असली की हे नाटक जास्त रंगतं. डॉक्टर म्हणून मला सर्वांत धास्ती वाटते ती याच वाक्याची, कारण सायकलवरच्या काही गंभीर दुखापती पहिल्या तासात खरोखरच काहीच नसल्यासारख्या दिसतात.

हँडलच्या टोकाचंच उदाहरण घ्या. सायकल वळते, पुढचं चाक आडवं होतं आणि हँडलचं टोक पोटात रुततं. वरून दिसतो तो रुपयाएवढा गोल लालसर वण, कधी तोही नाही. आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं, आतड्याला किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. मुलगा तासभर बरा असतो, भजी खातो, मग पोट दुखू लागतं, डाव्या खांद्यात कळ येते, उभं राहिलं की घेरी येते. डावा खांदा दुखतो म्हणून त्याला मलम चोळलं जातं, पण दुखणं असतं प्लीहेचं. काही वेळा रक्तस्राव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. मुलांमध्ये ही दुखापत जास्त दिसते, कारण त्यांच्या पोटाची भिंत पातळ असते. म्हणून पोटात हँडल लागलं असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी तपासून घ्या आणि सोनोग्राफीबद्दल विचारा. घरून निघताना हँडलच्या दोन्ही टोकांना बूच आहे का तेही बघा. ते पडलं की आतली उघडी नळी कापते.

दुसरी फसवी जागा मनगटाची. हात टेकून पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही तरी प्लास्टर घालून दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. ते छोटं हाड जुळलं नाही तर कायमचा त्रास राहतो.

डोक्याला मार लागला की हेल्मेट फुटलं, मी वाचलो, असं म्हणून पुन्हा सायकलवर बसू नका. क्षणभर शुद्ध गेली, आपण कुठे आहोत ते आठवेना, तेच तेच विचारू लागला, चालताना झुकू लागला, तर त्या दिवसापुरती फेरी संपली, कितीही “मी ठीक आहे” म्हटलं तरी. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेची गुंगी, फिट, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यातलं एकही दिसलं तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना तर लक्षणं नसतानाही न्या.

आपल्याकडची माणसं मदतीला धावतात, यात शंका नाही. पण हात-पाय धरून उचलतात आणि टेम्पोत आडवं टाकतात. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील तर डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून एकाच वेळी कुशीवर वळवून फळीवर घ्यायचं. हेल्मेट ओढून काढायचं नाही. फळी म्हणून एखाद्या घराचं दारही चालतं.

जांभ्यावर घासलेली कातडी भरपूर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, हळद किंवा टूथपेस्ट नको. आत रुतलेले लाल कण काढले नाहीत तर ते कातडीत कायमचे राहतात आणि जखम पिकतेही. धनुर्वाताची सुई कधी घेतली ते आठवत नसेल तर घ्या.

आता साप. मार्लेश्वराच्या गुहेतले साप कुणाला काही करत नाहीत, अशी आपली श्रद्धा आहे. बाहेरच्या पातेऱ्यातल्या फुरशाला मात्र ही श्रद्धा ठाऊक नाही. फुरसं रत्नागिरीच्या कातळावर आणि गडग्यांच्या आडोशाला नेहमीच राहिलेलं आहे. मातीच्या रंगाचं, हातभर लांबीचं, सहज नजरेतून सुटणारं. सायकल चालवताना ते क्वचितच चावतं. धोका असतो तो आडोशाला जाताना, दगडावर बसताना, दरडीत हात घालून सायकल ओढताना. चावलं तर दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका. त्या जागी सूज येणार आहे, तेव्हा अंगठी, घड्याळ काढा. हाड मोडल्यावर बांधतो तसं लाकडाने अवयव स्थिर करा आणि रुग्णाला चालवत नेऊ नका. साप पकडून आणायची गरज नाही. चावणारा साप फुरसं, घोणस, नाग किंवा मण्यार असला तर आपल्याकडची एकच लस चारही जातींवर चालते. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं स्थिर ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलं आहे. घाटातल्या झाडीत हिरवा चापडाही असतो. त्याच्या विषावर ही लस नाही, पण तपासणी आणि देखरेख तरीही हवीच. जखम दिसत नाही, दुखत नाही म्हणून घरी जाऊ नका. मण्यारीच्या चाव्यात तर बहुधा दुखतच नाही.

दगड उलथताना डसणाऱ्या लाल विंचवाचं विष हृदयावर परिणाम करतं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. डंखानंतर खूप घाम, उलट्या आणि थंड पडलेले हातपाय दिसले तर वेळ घालवू नका. आग्यामोहोळ उठलं तर सायकल टाकून चेहरा झाकून धावा, बंद गाडीत किंवा घरात शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घोंघावत थांबतात. ओठ सुजले, श्वास घुसमटला, अंगावर गांधी उठून चक्कर आली तर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मांडीत, तेही ताबडतोब. म्हणून फेरीसोबतच्या डॉक्टरांच्या पेटीत ते असलंच पाहिजे. एवढं एक विचारून मगच नाव नोंदवा.

आयोजकांना थोडं सांगतो. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुठल्या वळणावर रेंज मिळते ते आधी फिरून नोंदवा. १०८ ला फोन करताना नुसतं ‘आंबा घाट’ सांगून भागत नाही, जवळची खूण सांगावी लागते. आधीच देवरुखच्या ग्रामीण रुग्णालयात आणि वाटेवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून सर्पदंशाची लस आहे का विचारा. मोठी शस्त्रक्रिया लागली तर डेरवणचं वालावलकर रुग्णालय की रत्नागिरी, हे फेरी सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असावं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय वाट धरू नका. गव्याशी गाठ पडली तर तिथे रुग्णवाहिका पोहोचणार नाही. प्रत्येकाच्या नंबरपट्टीच्या मागे त्याच्या गोळ्या, ॲलर्जी आणि घरचा फोन लिहून घ्या. आणि शेवटच्या सायकलच्या मागे एक गाडी हवीच. तिच्यात बसणं नामुष्कीचं नाही, हे पहाटेच्या सूचनांतच मोठ्याने सांगा.

फेरी संपली, पदक मिळालं, फोटो झाले. तरी पुढचे तीन-चार आठवडे अंगावर लक्ष ठेवा. पऱ्यातल्या आणि मळ्यातल्या चिखलात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू येतात. चिखल तोंडात उडाला किंवा खरचटलेल्या कातडीला लागला तर बहुधा एक-दोन आठवड्यांत, क्वचित महिन्यानेही ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. पावसाळी फेरीत हा धोका सर्वांत जास्त. झुडपांतल्या बारीक किड्यांच्या दंशातून स्क्रब टायफस होतो. काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली सिगारेटने पोळल्यासारखा काळा खपला दिसतो आणि तो बहुधा दुखत नाही, म्हणून आरशात शोधावा लागतो. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून गोचिडांमुळे माकडताप आढळला आहे. तिकडच्या जंगलात फिरलात तर घरी येऊन अंगावर गोचीड नाही ना ते पाहा, आणि असली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. लेप्टो आणि स्क्रब टायफस दोन्ही वेळेत कळले तर साध्या डॉक्सिसायक्लिनने बरे होतात. पण ते औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि फेरीआधी प्रतिबंधक डोस घ्यायचा की नाही तेही विचारूनच ठरवा.

तेव्हा ताप आला तर दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: “डॉक्टर, मी अमुक तारखेला घाटातल्या जंगलात सायकल चालवली होती.” आम्ही विचारायची वाट पाहू नका, गर्दीच्या दिवशी विचारायचं राहूनही जातं.