मनगटावरील यंत्र आणि आरोग्याची खासगी माहिती

नाडी पाहणे हे पूर्वी वैद्याचे काम होते आणि तिने सांगितलेले गुपित वैद्य व रोगी यांच्यापुरतेच राही. आज हे काम मनगटावर बांधलेला पट्टा अहोरात्र करीत असतो. शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावीही सकाळी फिरावयास जाणाऱ्यांच्या हाती असे पट्टे व घड्याळे दिसू लागली आहेत. त्यांनी घेतलेली नोंद कोठवर जाते, याची जाणीव मात्र अद्याप पुरेशी झालेली नाही.

या यंत्राची रचना समजण्यास अवघड नाही. पट्ट्याच्या आतील बाजूस हिरवा प्रकाश देणारे बारीक दिवे असतात. रक्त हा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्त वाढते व परतणारा प्रकाश घटतो. या चढउतारावरून ठोक्यांची गणती होते. पावले आणि झोप यांचा अंदाज हालचाल टिपणाऱ्या सूक्ष्म भागाच्या साहाय्याने बांधला जातो. (अंदाजच तो, डॉक्टरांच्या तपासणीची जागा त्यास देऊ नये.) ही माहिती ब्लूटूथद्वारे मोबाइलमध्ये आणि तेथून बहुधा कंपनीच्या संगणकात जाऊन साठते. तो संगणक परदेशातही असू शकतो.

अशा साठ्यातून काय घडू शकते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील ‘स्ट्राव्हा’ या कंपनीचे आहे. धावणारे व सायकल चालविणारे लोक आपल्या फेऱ्यांची नोंद तिच्याकडे ठेवतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने सुमारे १०० कोटी नोंदी एकत्र करून जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते; जेथे वर्दळ अधिक, तेथे रेषा अधिक उजळ, एवढेच. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेथन रुझर या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, सीरिया व अफगाणिस्तानातील ओसाड भागांतही अशा उजळ रेषा उमटल्या आहेत. त्या लष्करी तळांवर व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण विभागाने मोहिमेवरील कर्मचाऱ्यांना ठावठिकाणा दर्शविणाऱ्या सुविधा वापरण्यास मनाई केली. नाव गाळले म्हणजे माहिती निर्धोक झाली, हा समज त्या नकाशाने खोटा ठरविला. तळाच्या जागी एखादी वस्ती कल्पून पाहिल्यास आपल्याकडील धोक्याचीही कल्पना येईल. रोज पहाटे एकाच दारातून निघणारी रेषा कोणाची, हे शेजाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

कंपनीच विकली गेली तर? ‘फिटबिट’ जानेवारी २०२१ मध्ये ‘गूगल’ने ताब्यात घेतली. तत्पूर्वी युरोपीय आयोगाने ही आरोग्यविषयक माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी न वापरण्याचे बंधन घातले. परंतु ते युरोपातील ग्राहकांपुरते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून संस्थांवरील प्रमुख बंधने तेव्हापासून १८ महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. संमती मागणारी सूचना मराठीतूनही मिळण्याचा पर्याय ग्राहकास आहे. २०११ च्या नियमांनी आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती. नव्या अधिनियमात तसा स्वतंत्र वर्ग नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

नोकरीच्या ठिकाणचा प्रश्न याहून नाजूक आहे. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांना ठावठिकाणा कळविणारी घड्याळे दिली होती. नोकरीशी संबंधित कारणांसाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आहे. उद्या अशा घड्याळातून नाडीचीही नोंद होऊ लागली, तर नकार देण्याचे बळ रोजंदारीवरील माणसात कोठून येणार? म्हणून असे साधन खरेदी करणाऱ्या कार्यालयाने कोणती नोंद, किती दिवस व कोणाच्या ताब्यात राहील, हे खरेदीपूर्वीच लेखी ठरविले पाहिजे.

शाळांनी अधिक दक्ष राहावयास हवे. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास कलम ९ अन्वये पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. क्रीडा तासासाठी पट्टे मिळाले तरी मुलांचे वजन वा नाडीचे आकडे पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे शिक्षकांनी टाळावे. जुना मोबाइल किंवा पट्टा दुसऱ्यास देताना तो नुसता पुसून भागत नाही. कंपनीकडील खाते आणि त्यातील नोंदीही काढून टाकाव्या लागतात.