हळदीचे पेटंट

मासळी कापताना विळी लागली, रक्त आले, तर गोराईतली बाई काय करते? चिमूटभर हळद दाबते, वर चिंधी बांधते, की लागली कामाला. आपण सगळेच असे करतो.

पण गंमत पाहा. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत या उपायाचे पेटंट निघाले! जखमेवर हळद वापरण्याचा हक्क तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाला.

पेटंट म्हणजे काय? नवा शोध लावणाऱ्याला सरकार एक कागद देते. मग काही वर्षे त्याला विचारल्याशिवाय ती वस्तू दुसऱ्याने करायची नाही, विकायची नाही. आपल्या देशात ही मुदत अर्जापासून २० वर्षांची आहे. पण शोध लावणाऱ्यानेही सारी कृती लिहून द्यायची. लपवाछपवी चालत नाही.

हा कागद मागेल त्याला मिळत नाही बरं का! शोध नवा हवा. आधी छापलेला, लोकांच्या वापरातला नको. जाणकाराला सहज सुचेल असाही नको. होडीला निळ्याऐवजी हिरवा रंग दिला, तर तो काही शोध नव्हे! शिवाय तो उद्योगधंद्यात उपयोगी पडला पाहिजे.

मग हळद नवी कशी ठरली? अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात एक गोम होती. परदेशातले लोक एखादी गोष्ट नुसती वापरतात, हे तिथे धरत नसत. ती कुठे छापलेली दाखवावी लागे. ‘आमच्या आजीला ठाऊक होते’ एवढ्याने भागणार नव्हते.

आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. मूळ गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत शिकलेले. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला हरकत घेतली. जुने ग्रंथ धुंडाळून ३२ लेखी पुरावे दिले. त्यांत संस्कृत होते, उर्दू होते, १९५३ साली वैद्यकीय मासिकात आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये तिथल्या पेटंट कचेरीने विद्यापीठाचा दावा फेटाळला.

आता आपला कायदाच सांगतो, की परंपरेने चालत आलेल्या माहितीवर पेटंट मिळणार नाही.

आणि तुम्ही स्वतः काही नवे अवजार केले तर? आधी जत्रेत दाखवू नका. चारचौघांनी पाहिले, की त्याचे नवेपण गेले असे ठरू शकते. आधी अर्ज करावा. मुंबईची पेटंट कचेरी अँटॉप हिलला आहे.