जमिनीवरची तार

आंजर्ले हे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. एका अंगास खाडी, समोर वाळूचा किनारा, त्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वर कड्यावर गणपतीचे प्रसिद्ध देवालय. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या वाड्यांतील असंख्य माड-पोफळी उन्मळून पडल्या. विजेचे खांब कोसळले. दापोली परिसरातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती व दूरध्वनी मुके झाले होते.

अशा वेळी बाहेरची वार्ता आणणारे एक साधन उरते. ते म्हणजे सेलवर चालणारा लहानसा रेडिओ. त्याला गावातल्या मनोऱ्याची गरज नसते. दूरच्या केंद्रावरून निघालेल्या लघुलहरी आकाशात शेकडो किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेल्या आयनांबरातून पुन्हा पृथ्वीकडे वळतात आणि समुद्र, डोंगर ओलांडून हजारो किलोमीटरवर उतरतात.

परंतु रेडिओची आखूड सळई या क्षीण लहरी टिपण्यास पुष्कळदा अपुरी पडते. तिला तार जोडावी लागते. ती कोठे बांधावी? उंच माडाला, असे कोणीही म्हणेल. १९०१ साली मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पतंगाला सुमारे ५०० फूट तार बांधली व अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकल्याचे जाहीर केले. तार जितकी उंच तितकी चांगली, ही समजूत तेव्हा सर्वत्र होती.

हॅरल्ड बेव्हरेज या अमेरिकन अभियंत्याने जमिनीलगत लांबच लांब तार नेऊन निराळाच मार्ग दाखविला. १९२१ च्या डिसेंबरात त्याचा देशबंधू पॉल गॉडली स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन या समुद्रकाठच्या गावी गेला. कडाक्याच्या थंडीत, मोकळ्या जागी तंबू ठोकून त्याने बेव्हरेजच्या पद्धतीची १००० फुटांहून लांब तार सुमारे १२ फूट उंचीच्या खांबांवरून नेली. १२ फूट म्हणजे माडाच्या बुंध्यापाशीच की! तरीही रात्री जागून त्याने अमेरिकेतील हौशी मंडळींच्या लहान यंत्रांचे संकेत ऐकले.

एवढी तार अंगणात कशी मावणार? पण दहा-पंधरा मीटर तार नुसती भुईवर अंथरली, तरी काम भागते. ती लहरी कमी टिपते, हे खरे. परंतु घरातील दिवे, चार्जर व इन्व्हर्टर यांतून उठणारी खरखर ती त्याहूनही कमी टिपते. जत्रेत ढोल वाजत असता शेजारच्या माणसाचे मोठ्याने बोलणेही कळत नाही. ढोल दूर गेला, की हळू बोललेलेही समजते. तसेच हे आहे. आवाज लहान असेल, तर रेडिओ तो वाढवितो. खरखरीत बुडालेला शब्द मात्र त्याला वेगळा काढता येत नाही. संदेश पाठविण्यास ही तार फारशी उपयोगी नाही. तिची बहुतेक शक्ती माती ऊबदार करण्यातच जाईल.

तार वेष्टनाची असावी. तिचे एक टोक सोलून सळईला चिमट्याने जोडावे, दुसरे मोकळे ठेवावे आणि तार घरापासून दूर, कुंपणाच्या कडेने न्यावी. ओल्या, खारट जमिनीवर तिचे बळ घटते. म्हणून खाडीकाठच्या चिखलापेक्षा वाडीतील कोरडी वाळू किंवा कातळ बरा. विजेच्या खांबाजवळून तार कधीही नेऊ नये. वादळात तुटून पडलेली विजेची तार तर मेलेली समजून हात लावण्याचे धाडस मुळीच करू नये. आकाशात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच रेडिओची तार सोडवून घराबाहेर ठेवावी.

लघुलहरींवरील केंद्रे आता पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. तरी दिवेलागणीनंतर ४९ व ४१ मीटरचे पट्टे आणि दिवसा १९ मीटरचा पट्टा लावून पाहावा. काटा अगदी सावकाश फिरवावा. केंद्रे इतकी लगटून असतात, की बोट जरा घाईने हलले तर एखादा दूरचा आवाज निसटून जातो.