बाहेरगावचे अकरा विजय

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
28 मे 2023

चि. सई,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. एनबीएच्या प्लेऑफमध्ये वॉरियर्स लेकर्सकडून हरले त्याला दोन आठवडे झाले, तरी तुझा राग उतरलेला नाही. एखाद्या संघावर इतका जीव असणं चांगलंच. पण “जॉर्डन पूलला विकून टाका, सगळं सुरळीत होईल” हे तुझं म्हणणं मला पटलं नाही. मेसेजच्या शेवटी तू असंही लिहिलंस, की कॉलेजच्या संघाचं कॅप्टनपद सोडावंसं वाटतंय. कारण तुमचंही तसंच चाललंय. आपल्या कोर्टवर जिंकता, बाहेर गेलं की हरता, आणि संघातल्या दोघी सरावातल्या भांडणापासून एकमेकींशी बोलत नाहीत. तुझा पूलवरचा राग आणि कॅप्टनपद सोडण्याचा विचार ह्या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असं मला वाटतं, म्हणून नीट बसून पत्र लिहिते आहे.

आधी आकडे बघू. 82 सामन्यांत 44 विजय, 38 पराभव, पश्चिम विभागात सहावा क्रमांक. आदल्या वर्षीच्या विजेत्यांसाठी हे कमीच आहे, पण एवढ्यावरून फारसं काही कळत नाही. घरच्या कोर्टवर 33 जिंकले, 8 हरले. बाहेर 11 जिंकले, 30 हरले. घरच्या चेस सेंटरमध्ये हा संघ विजेत्यांच्या थाटात खेळायचा आणि दुसऱ्या गावी उतरला की तळाच्या संघांत शोभावा असा. बाहेरचे पहिले आठही सामने हरले. त्यातल्या फीनिक्सच्या सामन्यात स्टीफन करीने एकट्याने 50 गुण केले, तरीही हरले. 20 नोव्हेंबरला ह्यूस्टनमध्ये बाहेरचा पहिला विजय मिळाला. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर लागोपाठ अकरा पराभव झाले, आणि तो दुष्काळही ह्यूस्टनमध्येच संपला. ह्यूस्टनचा संघ यंदा 60 सामने हरला आहे, हेही सोबत लक्षात ठेव.

परक्या प्रेक्षकांचं दडपण येतं, हे सगळ्यात सोपं उत्तर. तूही तुमच्या संघाबद्दल तेच लिहिलं आहेस. पण ह्याच संघाने जानेवारीत सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये 68,323 प्रेक्षकांसमोर 144-113 असा विजय मिळवला. एनबीएच्या नेहमीच्या हंगामात एका सामन्याला एवढी गर्दी आजवर कधी झाली नव्हती. तेव्हा नुसतं गर्दीवर खापर फोडता येत नाही.

मी ह्या संघाचे सामने ओकलंडच्या जुन्या ऑरॅकल अरिनापासून पाहते आहे. 2019-20 च्या हंगामात 15 विजय आणि 50 पराभव अशी दैना झाली, तेव्हाही पाहत होते. मला यंदा दिसलं ते असं. घरी आपले लोक ओरडत असतात, बेंचवरच्या मुलांचेही थ्री-पॉइंटर पडतात, आणि एकदा बॉल पडायला लागला की डिफेन्समधल्या चुका झाकल्या जातात. बाहेर तेच शॉट चुकले की डिफेन्स उघडा पडतो. शूटिंग रोज साथ देत नाही, हे तुला मी सांगायला नको. डिफेन्स मात्र बोलण्यावर चालतो. स्क्रीन कुठून येतोय, माझा माणूस सुटला तर तू घे, मी मागे आहे, हे सतत ओरडून सांगावं लागतं आणि ऐकणाऱ्याने डोळे झाकून विश्वास ठेवावा लागतो. वॉरियर्सचा डिफेन्स गेली कित्येक वर्षं एका माणसाच्या आवाजावर उभा आहे, तो म्हणजे ड्रेमंड ग्रीन. आणि त्याच ड्रेमंडने 5 ऑक्टोबरला, हंगाम सुरू व्हायच्याही आधी, सरावात पूलला ठोसा मारला.

पुढचं तुला माहीत आहे. दोन दिवसांत व्हिडिओ फुटला आणि जगभर फिरला. ड्रेमंडने माफी मागितली, दंड भरला, काही दिवस दूर राहिला. निलंबन झालं नाही. 18 ऑक्टोबरला विजेतेपदाच्या अंगठ्या वाटल्या गेल्या, त्या रात्री लेकर्सना 123-109 असं हरवलं आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. माझं मत विचारशील तर ड्रेमंडला सुरुवातीचे काही सामने बाहेर बसवायलाच हवं होतं. मारणारा कितीही मोठा असला तरी मार खाणाऱ्याच्या पाठीशी संघ उभा आहे, हे त्या तेवीस वर्षांच्या मुलाला सगळ्यांदेखत दिसायला हवं होतं. त्याला चार वर्षांचा मोठा करार दिला, तोही त्याच सुमारास. पण पैसे देणं वेगळं आणि पाठीशी उभं राहणं वेगळं. आता हंगाम संपल्यावर प्रशिक्षक स्टीव्ह कर ह्यांनीही मान्य केलं, की त्या घटनेने संघातला विश्वास काही प्रमाणात गेला आणि त्यामुळे सगळंच अवघड झालं.

तरीही सगळं त्या ठोशाच्या माथी मारू नकोस. तेही एकच गुन्हेगार शोधण्यासारखं होईल. गॅरी पेटन आणि ऑटो पोर्टर उन्हाळ्यातच दुसरीकडे गेले होते. पेटन फेब्रुवारीत परत आला, तोही जायबंदी. करी खांद्याच्या आणि मग पायाच्या दुखापतीने बसला आणि 56 सामनेच खेळू शकला. जुन्या खेळाडूंनी जिंकत राहायचं आणि त्याच वेळी नव्यांना घडवायचं, हा मालकांचा बेत काही जमला नाही. 2020 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या वाइजमनला शेवटी डिट्रॉइटला पाठवावं लागलं.

आणि पूल. सई, ज्याला तू विकायला निघाली आहेस तो 82 पैकी 82 सामने खेळला आहे. सरासरी 20 गुणांच्या वर. डिसेंबरमध्ये करी दुखापतीने बाहेर असताना त्याने टोरंटोत 43 गुण केले आणि सामना जिंकून दिला. बाहेरच्या अकरा विजयांतला एक तो. लेकर्सविरुद्ध तो वाईट खेळला, हे खरंच आहे. पहिल्या सामन्यात शेवटी लांबून मारलेला थ्री चुकला, चौथ्यात तर एकही गुण नाही. त्याचा डिफेन्स कच्चा आहे आणि तो बॉल हातचा घालवतो, हेही मला दिसतं. पण ज्या घरात हात उगारला गेला त्या घरात मोकळेपणाने वावरायला त्याला किती कष्ट पडले असतील, हा विचार न करता त्याच्या फक्त चुका मोजायच्या, हे मला बरोबर वाटत नाही.

अँड्र्यू विगिन्सचं आठवतंय? फेब्रुवारीच्या मध्यापासून तो कौटुंबिक कारणासाठी घरी गेला आणि नेहमीचा हंगाम संपेपर्यंत खेळला नाही. लोकांनी त्याच्याबद्दल काय काय पसरवलं ते तू वाचलंच असशील. तूही मला त्यातलं एक पाठवलं होतंस. संघातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. तो परत यायचा तेव्हा येईल, एवढंच सगळे म्हणत राहिले, आणि तो प्लेऑफला आला तेव्हा त्याला लगेच सामावून घेतलं. यंदा वॉरियर्सनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट माझ्या मते हीच. चाहत्यांनीही एवढं पथ्य पाळावं. कोर्टवर काय दिसलं त्यावर हवं तितकं बोल. त्यांच्या घरात काय चाललंय ते आपलं नाही. पुन्हा असलं काही मला पाठवू नकोस.

तू मेसेजमध्ये ज्याचं नावही घेतलं नाहीस तो केव्हॉन लूनी. एकेकाळी दुखापतींनी त्याचं करिअर संपतं की काय अशी वेळ होती. आता सलग दोन हंगाम तो सगळेच्या सगळे 82 सामने खेळला आहे. सरासरी सात गुण. हायलाइट्समध्ये तो दिसत नाही. सॅक्रामेंटोविरुद्धच्या मालिकेत मात्र तीन सामन्यांत त्याने वीस किंवा जास्त रिबाउंड घेतले, आणि हे तिन्ही सामने वॉरियर्स जिंकले. पुढच्या वेळी एक अख्खा क्वार्टर बॉलकडे न बघता फक्त लूनीकडे बघ. शॉट सुटायच्या आधी तो कुठे सरकतो, कुणाला पाठीने अडवतो. रिबाउंडला जागा धरायला घरचं कोर्ट लागत नाही.

सॅक्रामेंटोची मालिका तर मी जन्मभर विसरणार नाही. किंग्ज सोळा हंगामांच्या खंडानंतर प्लेऑफमध्ये आले होते. त्यांचे प्रशिक्षक माइक ब्राउन आदल्याच वर्षी आपल्या बेंचवर करांच्या शेजारी बसत होते. मालक विवेक रणदिवे, आपल्या मुंबईचे. 2013 मध्ये त्यांनी हा संघ घेतला, आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने वरळीच्या डोममध्ये झाले ते ह्याच किंग्जचे, इंडियाना पेसर्सशी. एक गोष्ट खास तुझ्यासाठी. रणदिव्यांनी पूर्वी आपल्या मुलीच्या छोट्या संघाला शिकवायला घेतलं, तेव्हा ते स्वतः कधी बास्केटबॉल खेळलेले नव्हते. मुलींची उंची बेताची, शूटिंगही बेताचं. त्यांनी पूर्ण सामनाभर फुल कोर्ट प्रेस लावला आणि तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला. तुमच्याकडे पळणाऱ्या मुली आहेत. विचार कर.

तर पहिले दोन्ही सामने सॅक्रामेंटोत हरलो. दुसऱ्यात ड्रेमंडने किंग्जच्या सबोनिसच्या छातीवर पाय दिला, म्हणून तिसऱ्यासाठी निलंबित. तिसरा सामना त्याच्याविना जिंकला. चौथ्याच्या वेळी ड्रेमंडने जे केलं ते तू कदाचित पाहिलंच नसेल, कारण सगळे त्या शेवटच्या मिनिटाबद्दलच बोलत होते. टाइमआउट शिल्लक नसताना करीने तो मागितला, टेक्निकल फाउल झाला आणि अखेर कसाबसा 126-125 असा विजय मिळाला. पण त्या सामन्यात पहिल्या पाचांत पूल होता आणि ड्रेमंड बेंचवरून आला. ही सूचना त्याची स्वतःची होती. ऑक्टोबरमध्ये ज्याच्यावर हात उचलला त्याच्यासाठी एप्रिलमध्ये त्याने जागा सोडली. त्याने ऑक्टोबर पुसला गेला असं मी म्हणणार नाही. पण मी त्या दिवशी त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहिलं.

पाचवा सामना त्यांच्या कोर्टवर जिंकला. सहावा आपल्याच कोर्टवर 118-99 असा हरलो. वर्षभर घरी शेर असलेला संघ नेमका घरी कोसळला. मग 30 एप्रिलला सातवा सामना, पुन्हा सॅक्रामेंटोत. करीचे 50 गुण. एनबीएच्या इतिहासात सातव्या सामन्यात 50 गुण कुणीच केले नव्हते. लूनीचे 21 रिबाउंड. 120-100. बाहेर तीस सामने हरलेला संघ वर्षातला सगळ्यात अवघड सामना बाहेर जिंकला.

लेकर्सनी मग सहा सामन्यांत संपवलं. लॉस एंजेलिसमधले तिन्ही हरलो, शेवटचा 122-101. कर प्रशिक्षक झाल्यापासून पश्चिमेकडच्या एकाही संघाने वॉरियर्सना प्लेऑफच्या मालिकेत हरवलं नव्हतं, एकोणीस मालिका झाल्या होत्या. नंतर डेन्व्हरने लेकर्सनाही चार-शून्य असं हरवलं, म्हणजे आपण विजेतेपदापासून किती लांब होतो ते कळतं. माझा निकाल हा, की हा संघ जेवढा खेळला तेवढ्याच लायकीचा होता. तरी तो पाहिल्याचा मला आनंद आहे.

आता तुझं. कॅप्टनपद सोडू नकोस. तू सोडलंस तर त्या दोघींमधलं भांडण पुढच्या कॅप्टनच्या गळ्यात पडेल, बाकी काही बदलणार नाही. सुट्टी संपून सराव सुरू व्हायच्या आधी दोघींना वेगवेगळं भेट. जिचा सगळ्यांसमोर अपमान झाला तिच्याकडे आधी जा, आणि तिचं सगळं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. दुसरी तुमची सगळ्यात चांगली खेळाडू आहे, असं तू लिहिलंस. असू दे. तिने माफी मागायची आहे, आणि अपमान जसा सगळ्यांसमोर झाला तशीच माफीही सगळ्यांसमोर मागायची. ती तयार नसेल तर सरांकडे जा आणि पहिल्या सामन्यात तिला बसवा असं स्पष्ट सांग. तो सामना हराल कदाचित. हरा. घरच्या कोर्टवर जिंकून हे झाकायला जाऊ नका. ते नंतर बाहेरगावी उघडं पडतं.

आणखी एक कर. बाहेरच्या सामन्यांचे रिबाउंड आणि डिफेन्समधल्या चुका लिहून ठेवायला बेंचवरच्या एका मुलीला सांग. गुण कुणी लिहू नयेत, ते तसेही सगळ्यांना पाठ असतात. चार सामन्यांच्या नोंदी झाल्या की मला पाठव, आपण फोनवर बसून बघू.

पूल राहील की जाईल, ड्रेमंड करार पुढे चालवेल की नाही, ह्यावर इथे रोज खल चालला आहे. जे व्हायचं ते होईल. तू त्या दोघींना भेटलीस की आधी ते कळव.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी