यंत्राला सांगावे लागते की ही मराठी आहे
बऱ्हाणपुरातील लेखक, शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी मोफत संगणकीय साधने

गेल्या वर्षी घरच्या एका कार्याची पत्रिका छापायला दिली. प्रूफ हाती आले तेव्हा 'सकाळी'चे 'सकाली' झाले होते, 'केळवणा'चे 'केलवण' आणि गावाचे नाव 'बर्हानपूर'. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "काका, मैंने तो ठीक ही लिखा था, मशीन अपने आप बदल देती है." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच्या संगणकावर देवनागरी म्हणजे हिंदी, एवढेच ठरलेले होते.

बऱ्हाणपुरात मराठी घरात बोलली जाते, कीर्तनात ऐकू येते, रावेर-जळगावच्या सोयरिकीत चालते. पण शाळा, कचेरी आणि बाजार हिंदीत चालतात. संगणक व मोबाइल विकत घेताना त्यावर हिंदीच बसवलेली असते. मराठीसाठी आज उत्तम साधने मोफत मिळतात, ब्राउझर उघडला की हाताशी येतात. परंतु त्यांतील प्रत्येक साधनाला आधी सांगावे लागते की ही मराठी आहे. ते सांगितले नाही, तर साधन मदत करण्याऐवजी आपली भाषा हळूहळू बदलत राहते. प्रस्तुत लेखात ही साधने आणि ते 'सांगण्याची' रीत पाहू.

१. कळफलक

विंडोज संगणकावर सेटिंग्जमधील भाषेच्या विभागात जाऊन 'मराठी' जोडावी. त्यानंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. मोबाइलवर कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत हिंदीसोबत मराठीही निवडावी. एवढ्या कामाला पाच मिनिटे पुरतात आणि पैसा लागत नाही.

इन्स्क्रिप्ट कळफलक हिंदी व मराठीसाठी जवळजवळ एकच आहे. ज्या कळेवर 'ल' आहे, तीच शिफ्टसह दाबली की 'ळ' उमटतो. 'र'ची कळ शिफ्टसह दाबली की 'ऱ' मिळतो. म्हणजे अक्षरे हिंदी कळफलकातही आहेत. अडचण येते ती रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी मिळवताना आणि शब्द सुचवले जाताना. तेथे यंत्र शब्दसंग्रहाकडे पाहते. भाषा हिंदी असेल तर त्याला 'शाला' ओळखीचा वाटतो, 'शाळा' नाही.

'ळ' गेला तर केवळ शुद्धलेखन बिघडते असे नाही, अर्थही जातो. पुढील जोड्या विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात : काळ – काल, वेळ – वेल, मूळ – मूल, गाळ – गाल, माळ – माल. आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीक केळी. 'ळ' हरवला की तिची 'केली' होते. तीच गोष्ट 'ऱ्य' आणि 'र्य' यांची. दऱ्या डोंगरात असतात, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा आणि आचार्यांना नमस्कार करायचा.

२. गावाचे नाव शोधताना

शोधपेटीत 'बुरहानपुर' लिहिले की बहुतेक हिंदी पाने समोर येतात. 'बऱ्हाणपूर' लिहिले की मराठी मजकूर वर येऊ लागतो. मराठीत आपल्या गावाचे नाव हेच आहे. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही रूपे शोधावीत.

येथे एक सूक्ष्म अडचण आहे. 'ऱ्ह' दिसायला एकच असला तरी संगणकाच्या आत तो दोन प्रकारे लिहिला जातो : एकदा 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, आणि एकदा साधा 'र', हलन्त व डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण वापरून. म्हणून लांबलचक दस्तऐवजात शब्द शोधताना एखादा शब्द डोळ्यांसमोर असूनही यंत्र 'सापडला नाही' असे म्हणू शकते. अशा वेळी त्या मजकुरातीलच शब्द उचलून शोधपेटीत चिकटवावा, किंवा नुसते 'हाणपूर' शोधावे.

३. कोश घरबसल्या

मराठी पुस्तकांचे दुकान शोधायला आपल्याला तापीच्या खालच्या अंगाला, महाराष्ट्रात जावे लागते. म्हणून पुढील कोशांचे मोल इथे अधिक आहे.

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तसेच तुळपुळे व फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश शोधता येतो. आजीच्या तोंडचा एखादा शब्द चालू कोशात मिळाला नाही, तर तो येथे मिळण्याची शक्यता पुष्कळ असते. मात्र जुन्या कोशातून अर्थ घ्यावा, लेखन घेऊ नये. मोल्सवर्थमध्ये 'गांव', 'नांव' असे अनुस्वार आहेत. आजचे लेखन साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या आणि त्यांना नंतर जोडलेल्या १९७२ च्या नियमांनुसार होते.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघाला. आज त्यातील नोंदी संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. विज्ञान किंवा भूगोल मराठीतून समजावताना शिक्षकाला याहून भरवशाचा आधार क्वचित मिळेल.

महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही महाजालावर आहेत. आपल्याकडे यांची गरज विशेष आहे, कारण दिवसभर हिंदी कागद वाचून आपण नकळत 'आवेदन', 'पंजीयन' लिहून जातो. मराठीत 'अर्ज' आणि 'नोंदणी' हे रोजचे शब्द आहेत. कोश उघडून एकदा खात्री केली की सवय लागते.

४. जुनी पुस्तके आणि जुने टंक

'इंटरनेट आर्काइव्ह' या संकेतस्थळावर प्रताधिकार संपलेली अनेक मराठी पुस्तके छायाप्रतीच्या रूपात आहेत, तर मराठी विकिस्रोतावर काही ग्रंथ शोधता येण्याजोग्या मजकुरात आहेत. छायाप्रतीतून अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारी साधनेही मोफत आहेत. त्यांत भाषा निवडण्याची सोय असेल तर 'मराठी' निवडावी. टेसेरॅक्ट या मुक्त प्रणालीत हिंदी व मराठीसाठी वेगवेगळ्या संचिका आहेत. हिंदी ठेवली तर छापलेल्या 'ळ'कडेही यंत्र संशयाने पाहते.

आपल्याकडील अनेक लेखकांचे जुने लेखन 'कृतिदेव'सारख्या टंकांत अडकले आहे. असा मजकूर आत रोमन अक्षरांतच साठवलेला असतो. टंक काढला की त्याचे कडबोळे दिसते आणि शोधात तो सापडतच नाही. ब्राउझरमध्ये चालणारे परिवर्तक तो युनिकोडमध्ये आणून देतात. परिवर्तनानंतर 'ळ', 'ऱ्य', जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी या चार ठिकाणी डोळ्यात तेल घालून पाहावे. मूळ फाइल मात्र पुसू नये.

५. आवाजी टंकलेखन आणि भाषांतर

क्रोम ब्राउझरमध्ये गूगल डॉक्स उघडून साधनांच्या यादीतील आवाजी टंकलेखन निवडले की बोललेले उमटते. वृद्ध लेखकांना, कथाकथन टिपणाऱ्यांना हे वरदान आहे. येथेही माइकच्या वरच्या यादीत 'मराठी' निवडावीच लागते. नाहीतर यंत्र आपल्या मराठीतून हिंदी शब्द ऐकते.

परंतु या यंत्राला प्रमाण मराठीची सवय आहे. आपल्या भागातली खानदेशी वळणाची बोली, त्यात निमाडी व गुजरातीची सरमिसळ, त्याला परकी वाटते. शब्दतपासणीही बोलीतल्या शब्दाखाली लाल रेघ ओढते. ती रेघ चूक दाखवते असे मानू नये. तो शब्द त्या यादीत नाही, एवढाच तिचा अर्थ. पात्राच्या तोंडचा बोलीतला शब्द लेखकाने तसाच ठेवावा आणि 'शब्दकोशात जोडा' हा पर्याय वापरावा.

भाषांतराच्या साधनाला भाषा स्वतः ओळखू देऊ नये. 'शिक्षा' हा एकच शब्द दिला तर हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड; 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. सुटा शब्द पाहून माणसालाही भाषा सांगता येणार नाही. म्हणून मूळ भाषा 'मराठी' अशी स्वतः ठरवावी आणि शब्द पूर्ण वाक्यात द्यावा.

६. एक खबरदारी

अप्रकाशित हस्तलिखित, गुणपत्रिका किंवा आधार कार्ड कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये, मग ते कितीही मोफत असो. पीडीएफ करायची असेल तर ब्राउझरमधील 'प्रिंट' आज्ञेतच पीडीएफ जतन करण्याची सोय असते. त्यासाठी कागद कोणाकडे पाठवावा लागत नाही.

घेण्याबरोबर देणेही आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि त्यात कोणालाही लिहिता येते. कुंडी भंडाऱ्याची भूमिगत पाण्याची रचना, असीरगड, जामा मशिदीत अरबीबरोबर कोरलेला संस्कृत शिलालेख, यांवर आधारासह चार वाक्ये जोडणे आपल्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. आपल्या गावाविषयी मराठीत आपणच लिहिले नाही, तर शोधणाऱ्याला ते फक्त हिंदीत किंवा इंग्रजीत मिळेल.

स्वाध्याय

१. आपल्या मोबाइलवर मराठी कळफलक जोडून 'बऱ्हाणपूर', 'केळी', 'तऱ्हा', 'वेळापत्रक' हे शब्द लिहा.
२. घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले पाच जुने शब्द शिकागोच्या कोशसंग्रहात शोधा. जे सापडले नाहीत, त्यांचे अर्थ वाक्यासह वहीत नोंदवा.
३. आपल्या शाळेतील एक हिंदी सूचना मराठीत लिहा आणि तीन शब्द परिभाषा कोशात तपासा.
४. 'त्याला शिक्षा झाली' हे वाक्य भाषांतर-साधनात एकदा मूळ भाषा हिंदी व एकदा मराठी ठरवून द्या. दोन्ही उत्तरांची तुलना वर्गात करा.
५. घरी आलेल्या एका मराठी पत्रिकेत 'ळ' आणि 'ऱ्य' कसे छापले आहेत ते पाहा. चूक आढळल्यास छापणाऱ्याला रागावू नका. त्याच्या संगणकावर मराठी जोडून द्या.