आम्ही दोघी आणि बाकीचं घर

घटस्फोटानंतर एकट्या बाईला परक्यांचा त्रास होतो, असं सगळेच सांगतात. घरमालक नको त्या चौकशा करतो, शेजारणी आडून आडून विचारतात, ऑफिसात एखादा उगाच पुढे पुढे करतो. हे होतंच, पण त्याची मनाने तयारी केलेली असते. तयारी नसते ती सख्ख्या माणसांची. माहेरी कोणी वाईट बोलत नाही, दार लावून घेत नाही. कार्यक्रम ठरतात, आणि आपल्याला ते ठरून गेल्यावर कळतात, एवढंच.

मी कराडला एका पतसंस्थेत नोकरी करते. लेक सातवीत आहे. माहेर सांगलीला. तिथे आई, दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा. थोरली ताई पुण्याला असते. मे महिन्यात एका संध्याकाळी लेकीने मोबाइल माझ्यापुढे धरला. ताईच्या स्टेटसला गणपतीपुळ्याचे फोटो होते. आई वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, डोक्यावर पदर, हातात शहाळं. मागे दादाची नवी गाडी. लेकीने फोटो बोटांनी मोठा केला, माणसं मोजली आणि म्हणाली, "मामाची गाडी सात सीटची आहे ना? मग भरलीच की." दादा, वहिनी, त्यांचा मुलगा, ताई, भावोजी, त्यांची मुलगी आणि आई. हिशोब बरोबर होता. बारा वर्षांच्या पोरीने मामाची बाजू इतक्या समजूतदारपणे मांडावी, हे मला त्या फोटोपेक्षा जास्त लागलं.

आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, तुला रजा मिळाली नसती. आणि त्या जोडप्याजोडप्यांत तुलाच कसंतरी झालं असतं." पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मात्र पहिला फोन मला आला. दादा म्हणाला, "तू ये गं दवाखान्यात राहायला. तू काय, मोकळीच आहेस." सहलीच्या वेळी मी नोकरीत अडकलेली असते आणि रात्री खाटेशेजारी बसायची वेळ आली की मोकळी. एकट्या पालकांच्या घरोघरी हेच चालतं. नवरा किंवा बायको नाही म्हणजे वेळ मोकळा, असं लोक धरून चालतात. शाळा, डबा, गॅस, दवाखाना, वीजबिल, पालकसभा हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर असतं, ते कोणाच्या ध्यानातच येत नाही.

दवाखान्यात मी राहिले. आई माझीच आहे. पण जायच्या आधी दादाला फोनवर सांगितलं, की शुक्रवार-शनिवारची रात्र माझी, बाकीच्या तुम्ही दोघं आणि ताई वाटून घ्या, आणि त्या दोन रात्री माझी लेक वहिनींजवळ राहील. त्याला थोडं विचित्र वाटलं, पण ताईला पुण्याहून यावं लागलं आणि ती आली. मी गप्प राहून सगळ्या रात्री काढल्या असत्या, तर नंतर आईच्या उशाशी बसून मनातल्या मनात हिशोब मांडला असता. असे हिशोब कधी चुकते होत नाहीत, वाढत जातात.

आता वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं माझ्यासारखं आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट आईबद्दल. आपली तक्रार आईच्या हाती पाठवू नका. सत्तरीच्या बाईला सगळ्याच पोरांना राखायचं असतं. मग ती इकडचं तिकडे नेताना काही गाळते, काही मीठमसाला लावते, आणि "तिला फार लागलंय" एवढंच पोहोचतं. घरात सहली, वाढदिवस, केळवणं कोण ठरवतं ते बघा आणि त्या माणसाशी बोला. आमच्याकडे ते वहिनी ठरवतात. म्हणून मी श्रावणातल्या एका रविवारी, कुठलंही कार्य नसताना, सांगलीला गेले. वहिनी ओट्याशी घेवडा मोडत होत्या. मीही मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि विचारलं, "गणपतीपुळ्याला आम्हाला का नाही विचारलं?"

वहिनी आधी रजेचंच बोलल्या. मग थांबल्या. "खरं सांगू? तुम्ही असलात की आम्हा दोघांना भांडावं की हसावं तेच कळत नाही. भांडलो तर तुम्हाला जुनं आठवेल, हसलो तर आम्हालाच अपराधी वाटतं. आणि खर्चाचं कोण विचारणार? वाटून घेऊ म्हटलं तर तुम्हाला जड, राहू दे म्हटलं तर तुम्हाला कमीपणा."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी धरून चालले होते, की मी नकोशी आहे. इकडे ही माणसं माझ्यासमोर कसं वागायचं याच्याच विचारात पडलेली. सगळं मान्य करावं असं नाही. गाडीची सीट मोजताना माणसं हमखास सोय बघतात आणि मग त्या सोयीला काळजीचं नाव देतात. पण हे कळल्यामुळे मला बोलायला धागा मिळाला. मी सांगितलं, की आमच्या दोघींचा खर्च मी देणार, खोली आईबरोबर चालेल, आणि गाडीत जागा नसेल तर आम्ही एस.टी.ने येऊ. तुम्ही भांडा, हसा, मला चालतं. फक्त विचारा.

विचारायचं तेही नेमकं विचारावं. "तुम्ही मला धरतच नाही" असं म्हटलं की समोरचा माणूस आपण कधी कधी धरलं होतं त्याची यादी वाचायला लागतो. त्यापेक्षा "दिवाळीच्या सुट्टीत लेकीला चार दिवस ठेवून घ्याल का?" याला हो किंवा नाही, एवढंच उत्तर असतं. नाही आलं तरी कळतं आपण कुठे उभे आहोत.

काही ठिकाणी मात्र वगळणं ठरवून असतं, तिथे गोड बोलून भागत नाही. चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्यात ओटी भरायची वेळ आली. करंडा एकीकडून दुसरीकडे जात होता. माझ्यापाशी आला तेव्हा मोठ्या काकूंनी तो हळूच माझ्यावरून पुढे दिला आणि मला म्हणाल्या, "तू जरा कॉफीचं बघतेस का?" आवाज अगदी मायेचा. विधवांच्या वाट्याला हे पिढ्यान्‌पिढ्या आलंय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ च्या ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. सांगलीहून हेरवाड काही लांब नाही. पण कार्यालयातल्या बायकांच्या घोळक्यात परिपत्रक कोण वाचतं? तिथे काकूंचा हात चालतो, आणि घटस्फोटित बाई कशात मोडते हे त्या ऐनवेळी ठरवतात. मी त्यानंतर एक करते. कार्याच्या आधी यजमानीणबाईंना फोन करून सरळ विचारते, की मला ओटी भरायला बोलावणार का? हो म्हणाल्या तर जाते. आढेवेढे घेतले तर जेवायच्या वेळेला जाऊन, आहेर देऊन परत येते. लेकीच्या डोळ्यांदेखत स्वयंपाकघरात लपायला मी जात नाही. तुम्हीही जाऊ नका.

सणांचंही असंच. दिवाळीतला पाडवा माहेरी मला काढवत नाही. वहिनी दादाला ओवाळतात, ताई भावोजींना ओवाळते, आणि आई माझ्याकडे बघणं टाळते. म्हणून पाडव्याला आम्ही दोघी कराडलाच असतो आणि भाऊबीजेला सकाळच्या गाडीने सांगलीला पोहोचतो. त्या दिवशी पाटासमोर माझी जागा ठरलेली आहे, कोणाला सरकावं लागत नाही. सगळ्या सणांना हजर राहायचा अट्टहास सोडला तर जिथे आपली जागा आहे तो दिवस चांगला जातो.

लेकरांबद्दल फार जपा. रात्री जेवताना दुसरं मोठं माणूस नसतं, मग मनातलं पोराशीच बोललं जातं. "आपल्याला कोणी विचारत नाही" हे वाक्य मूल ऐकतं आणि तेच खरं धरतं. मग आते-मामे भावंडांत खेळतानाही ते अंग चोरतं. आपलं दादाशी बिनसलं असेल, मुलीचं मामेभावाशी नाही. माझी लेक आजीला स्वतः फोन करते, मामेभावाशी क्रिकेटवरून वाद घालते, आणि त्या बोलण्यात काय झालं हे मी उकरून काढत नाही.

आता पैशाचं आणि कागदाचं, कारण एकट्या बाया नेमक्या इथे बळी पडतात. आईचं ऑपरेशन पार पडल्यावर दादाने विषय काढला. वडिलांच्या नावावरचं घर आणि शेत त्याच्या एकट्याच्या नावावर करायचं, त्यासाठी आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्र द्यायचं. सण तोंडावर होता. त्या आठवड्यात वहिनींचे रोज फोन, लेकीला ड्रेस, "या वर्षी आपण सगळे मिळून कोकणात" असं बोलणं. एकटं पडलेल्या माणसाला अशा वेळी सही करून टाकावीशी वाटते. वाटतं, तेवढं दिलं की घर आपलं होईल. मी म्हटलं, कागद दे, वाचते, वकिलांना दाखवते. सही केली नाही.

वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. अशा वेळी त्यांच्या स्वकमाईच्या मिळकतीत आई, मुलगा आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित मिळकतीतही हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. लग्न झालं, मोडलं, याने त्यात फरक पडत नाही. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली, की ते फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. हक्क सोडायचाच असेल तर खुशाल सोडा, भाऊ गरजू असेल तर सोडावाही. पण माया मिळेल म्हणून सोडू नका. दादा काही महिने तुटक बोलला. भाऊबीज मात्र चुकली नाही. तो विषय अजून तसाच आहे.

पैशाची फार ओढाताण असेल तर माहेरच्या तोंडाकडे बघण्याआधी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन या. एक पालक असलेल्या मुलांनाही राज्याच्या बालसंगोपन योजनेत घेता येतं. २०२३ मध्ये त्याची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. कागदपत्रं बरीच लागतात, चकरा होतात. पण भावाकडे फीसाठी हात पसरल्यावर सहलीला का नाही नेलं असं विचारायचं तोंड राहत नाही, हे मी आमच्याच पतसंस्थेत येणाऱ्या दोघी-तिघींचं पाहिलंय.

आमच्या ऑफिसात एक विधुर सहकारी आहेत, त्यांची तऱ्हा वेगळी. बायको गेल्यावर डबे भरभरून आले, वर्षभराने थांबले. बहिणी पोरींना सुट्टीत नेतात, त्यांना मात्र कोणी "तुम्हीही या" म्हणत नाही. पुरुषाला काय एकटं वाटणार, असा हिशोब.

शाळेच्या फॉर्मवर "आईवडिलांखेरीज संपर्क" असा रकाना असतो. मी सुरुवातीला दादाचा नंबर लिहायचे. एकदा लेक शाळेत चक्कर येऊन पडली. मी बँकेत रोकड भरायच्या रांगेत, दादा सांगलीला. शेवटी शेजारच्या काकू रिक्षा करून शाळेत पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारून मी तो नंबर बदलला. माहेर माहेरच्या जागी असू द्या, पण पंधरा मिनिटांत पोहोचणारं माणूस गल्लीत शोधून ठेवा. परीक्षेच्या दिवसांत मी त्यांच्या नातवाला गणित शिकवते, त्या माझ्या लेकीला दुपारचं वाढतात. उपकाराचं ओझं कोणावरच नाही.

आणि एवढं करूनही झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फिरवा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे. फुकट आहे, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. नातेवाइकांना कळत नाही.

माझ्यासारख्यांना सांगायचं ते सांगून झालं. उरलं ते बाकीच्या घराला. तुमच्याकडे अशी एखादी बहीण, नणंद, वहिनी किंवा भाऊ असेल, तर पुढच्या सहलीची तारीख ठरायच्या आधी फोन करा. त्यांना जमणार नसेल तर ते त्यांनाच सांगू द्या.